मुलींचे शिक्षण शुल्क माफ, तरी पहिल्या वर्षाचे पैसे उभे कसे करावेत?

जतकर मामा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला यंदा कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्याजवळच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची जागा मिळाली आहे. आमच्या घराण्यात अभियांत्रिकीला जाणारी ती पहिलीच. जवळचे असे विचारायला कोणी नाही, म्हणून हा प्रपंच.

घरची परिस्थिती सांगतो. दाजींची जत तालुक्यात साडेतीन एकर जमीन आहे. त्यात दीड एकर डाळिंबाची बाग होती, ती तेल्या रोगाने गेल्यावर उपटून टाकावी लागली आणि आता ज्वारी, बाजरी व दोन म्हशी एवढ्यावर घर चालते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ७२,००० रुपयांचा आहे. ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) प्रमाणपत्र आणि डोमिसाइल तयार आहे. भाचीला एक धाकटा भाऊ असून तो दहावीत आहे. मी स्वतः कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो आणि महिन्याला तीनेक हजारांचा हातभार लावू शकतो, त्याहून अधिक नाही.

मुलींचे व्यावसायिक शिक्षण मोफत झाले आहे, असे आम्ही ऐकून होतो, म्हणून निर्धास्त होतो. सोमवारी प्रवेश निश्चित करायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे लिहून दिले. शिक्षण शुल्क १,१२,०००, विकास शुल्क १३,०००, अनामत ५,००० आणि नुसते ‘इतर’ म्हणून ३,०००, असे एकूण १,३३,००० रुपये. ‘आधी पूर्ण भरा, शासनाचे पैसे आले की परत करू,’ असे तो म्हणाला. वसतिगृहाचे ६८,००० रुपये वेगळे आणि खानावळीचे महिन्याला ३,८०० रुपये वेगळे. लॅपटॉपही लागेल म्हणतात.

दाजींनी गावच्या पतसंस्थेत चौदा टक्क्यांनी कर्ज काढायचे जवळजवळ ठरवले आहे आणि आक्काचे दागिने तारण ठेवायचे म्हणतात. प्रवेश निश्चित करायला चारच दिवस उरले आहेत. माझे प्रश्न एवढेच आहेत: ही पूर्ण रक्कम आत्ता भरणे खरोखर बंधनकारक आहे का? शुल्काखेरीजच्या खर्चासाठी कोणती मदत मिळू शकते? आणि कर्ज काढायचेच झाले तर ते कशासाठी, किती आणि कोठून काढावे?

खिडकी क्रमांक चार

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात बावीस वर्षे लिपिक होतो, म्हणजे तुम्हाला चिठ्ठी देणाऱ्या माणसाच्या खुर्चीतच बसत होतो. तेव्हा आधी त्या चिठ्ठीविषयी बोलतो.

पेन्सिलीच्या आकड्यांवर एक रुपयाही भरू नका. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, २०१५ च्या कायद्याने ते स्थापन झाले आहे आणि प्रत्येक महाविद्यालयाचे मंजूर शुल्क त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यात शिक्षण शुल्क किती व विकास शुल्क किती, हे वेगवेगळे दिलेले असते. तो तक्ता छापून सोबत न्या. ‘इतर’ या शब्दाखाली नेमके काय आहे, ते लेखी मागा. विमा, ओळखपत्र, ग्रंथालय असे काही असेल तर तसे लिहून देतील. काहीच नसेल तर तो आकडा आपोआप चिठ्ठीतून नाहीसा होतो, असा माझा अनुभव आहे. अनामत ही परत मिळणारी रक्कम असल्यामुळे तिची पावती स्वतंत्र घ्या आणि चार वर्षे जपून ठेवा, कारण ती पावती हरवल्यामुळे अनामत सोडून देणारे पालक मी शेकड्याने पाहिले.

आता मुख्य मुद्दा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि इतर मागासवर्ग या गटांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे आणि ज्यांचा व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला आहे, त्यांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरते. पूर्वी हा लाभ पन्नास टक्के होता. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश यात बसत नाही, तसेच अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठेही बसत नाहीत. तुमच्या भाचीचा प्रवेश कॅपमधून व संलग्न विनाअनुदानित महाविद्यालयात असल्यामुळे ती यात चपखल बसते. अशा पात्र विद्यार्थिनींकडून प्रवेशाच्या वेळी हे शुल्क मागू नये, अशा सूचनाही उच्च व तंत्रशिक्षण विभागाने महाविद्यालयांना दिलेल्या आहेत. म्हणजे १,१२,००० रुपयांची ओळ सरळ खोडा. उरतात विकास शुल्क, अनामत आणि तुम्ही तपासून घेतलेले ‘इतर’, मिळून जास्तीत जास्त २१,००० रुपये. विकास शुल्क या योजनेत माफ होत नाही, ते तुम्हालाच भरावे लागेल. ‘सगळे मोफत’ या घोषणेमुळे पालकांचा सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो.

प्राचार्यांच्या नावे एक पानाचा साधा अर्ज लिहा. त्यात कॅपचे वाटपपत्र, ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला जोडल्याचा उल्लेख करून ‘शिक्षण शुल्क न घेता प्रवेश निश्चित करावा’ अशी विनंती करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. माणूस तोंडी जे नाकारतो ते शिक्का मारून नाकारायला धजावत नाही. तरीही अडले तर पुण्यातच तंत्रशिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालकांचे कार्यालय आहे, तेथे तीच प्रत घेऊन जा. महाविद्यालय बहुधा तुमच्याकडून हमीपत्र मागेल की, शिष्यवृत्ती नामंजूर झाल्यास शुल्क आम्ही भरू. ते मागणे गैर नाही. वाचून सही करा, मात्र कोरा धनादेश देऊ नका.

प्रवेश झाला की महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर भाचीच्या आधार क्रमांकाने नोंदणी करून तंत्रशिक्षण संचालनालयाची ‘राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना’ निवडावी लागते. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि तेथून शासनाच्या कार्यालयाकडे जातो. माझ्या टेबलावरून जे अर्ज मी परत पाठवले, त्यांतल्या बहुतेकांत दोनच उणिवा असत. एक तर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असे, नाहीतर मोबाईलने काढलेल्या फोटोत तहसीलदारांचा शिक्का किंवा बारकोड कापला गेलेला असे. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो, हेच मुलांना ठाऊक नसते. अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे समजून ती पुन्हा पाहतच नाहीत. दर आठवड्याला एकदा अर्जाची स्थिती पाहायची सवय भाचीला लावा. दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, तेही विसरू नका. एका कुटुंबातील दोनच अपत्यांना हा लाभ मिळतो; तुमच्याकडे दोघेच असल्यामुळे भाच्याचीही सोय आहे, फक्त मुलगा असल्याने त्याला तो पन्नास टक्के मिळेल.

दुसरी योजना तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना’ अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या घराबाहेर राहून शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. दोन हेक्टर म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंतचा शेतकरी अल्पभूधारक धरला जातो, दाजींची जमीन साडेतीन एकर आहे. सातबारा व आठ अ जोडून तहसीलमधून अल्पभूधारक असल्याचे प्रमाणपत्र आत्ताच काढा. प्रवेशाच्या धावपळीत हा कागद सर्वांत मागे राहतो आणि नेमका तोच अडतो. भत्त्याची रक्कम शहरानुसार कमी-जास्त असते, पुण्याचा समावेश वरच्या गटात आहे. अर्ज त्याच महाडीबीटीवर, पण स्वतंत्र करायचा असतो. शिक्षण शुल्काचा अर्ज केला म्हणजे भत्त्याचा आपोआप झाला, असे होत नाही.

येथे एक अवांतर. शुल्क योजनेला शाहू महाराजांचे नाव दिले आहे, पण महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले आणि नंतर एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली, ती शहरात आलेल्या पोराला फी माफ झाली तरी रात्री निजायचे कोठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न उरतो म्हणूनच. तुमच्या चिठ्ठीतले आकडे मांडून पाहा: वसतिगृहाचे ६८,००० आणि दहा महिन्यांच्या खानावळीचे ३८,००० मिळून १,०६,००० रुपये होतात, म्हणजे माफ झालेल्या शिक्षण शुल्काच्या जवळपास तेवढेच. सव्वाशे वर्षांनंतरही हिशेब तोच आहे.

शेवटी एक सावधगिरी. कोणी सांगेल की, एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) ‘प्रगती’ शिष्यवृत्तीचा अर्जही भरा, वर्षाला ५०,००० मिळतात. ती योजना चांगली आहे, तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीच आहे आणि तिचीही उत्पन्नमर्यादा ८ लाखच आहे. परंतु केंद्राची किंवा राज्याची दुसरी शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीला ती मिळत नाही. बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्राची वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्तीही शुल्कमाफीसोबत चालत नाही. १,१२,००० हातचे सोडून ५०,००० च्या मागे लागण्यात अर्थ नाही आणि दोन्हीकडे अर्ज करून एकीकडचे लपवले तर पुढे वसुली निघते. दोन वेगवेगळी संकेतस्थळे आहेत म्हणून कळत नाही, या भ्रमात राहू नये. आधार क्रमांक दोन्हीकडे एकच असतो.

तिसरे वर्ष, यंत्र शाखा

मामा, मी स्वतः परभणी जिल्ह्यातून पुण्यात आलेली अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. वरच्या प्रतिसादातील प्रत्येक गोष्ट खरी आहे, मात्र त्यात एक गोष्ट आली नाही: मंजूर झालेले पैसे आणि हातात आलेले पैसे यांच्यात बरेच महिने जातात. माझा पहिल्या वर्षाचा भत्ता खात्यावर आला तेव्हा दुसऱ्या सत्राची परीक्षा तोंडावर आली होती. तोवरच्या आठ महिन्यांची तजवीज तुम्हाला आत्ताच करावी लागेल, कारण खानावळीचे बिल दर महिन्याच्या पाच तारखेला येते.

माझ्या बाबतीत उशिराला आणखी एक कारण होते आणि ते सर्वस्वी माझे होते. शासनाची रक्कम तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाही, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जाते. मी अकरावीत नवे सिमकार्ड घेतले तेव्हा दुकानदाराने अंगठा लावून घेऊन मोबाईलवरच एक खाते उघडले होते आणि आधारची जोडणी त्या खात्याकडे गेली होती. मला त्याचा पत्ताही नव्हता. पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचे दिसत होते आणि माझ्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या पासबुकात मात्र काहीच नव्हते. महिनाभर मी महाविद्यालय आणि बँक यांच्यात हेलपाटे घातले. अखेर आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिल्यावर उलगडा झाला. भाचीची ही स्थिती आजच तपासा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरे म्हणजे भाचीच्या आधारशी कोणाचा मोबाईल क्रमांक जोडला आहे ते पाहा. माझ्या आधारशी वडिलांचा जोडलेला होता. मी पुण्यात सायबर कॅफेत बसून ओटीपी मागवायची, तो शेतात बाबांच्या खिशात वाजायचा, ते चष्मा शोधून आकडे सांगेपर्यंत मुदत संपायची. तीन दिवस आम्ही हा खेळ खेळलो. भाचीने पुण्याला निघण्यापूर्वी जतच्या आधार केंद्रात स्वतःचा क्रमांक जोडून घ्यावा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरशः सारखे आहे का, हेही पाहावे.

राहण्याच्या खर्चाविषयी सांगायचे तर महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे ६८,००० हा एकमेव पर्याय धरू नका. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती ही संस्था १९५५ पासून ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींसाठी अल्प खर्चात वसतिगृहे चालवते. तेथे मुलाखत घेऊन निवड करतात, जागा मर्यादित असतात आणि श्रमदानाची व वेळेची शिस्त कडक असते. माझी मैत्रीण तेथे राहते. स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची तिची पाळी असली की अभ्यासाची वही ती ओट्यावर उघडी ठेवते. शासनाच्या मुलींच्या वसतिगृहांसाठीही अर्ज करावा, मात्र तेथे जागा मिळाली तर पंजाबराव देशमुख भत्ता मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे. तसेच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजना चालते. मी दुसऱ्या वर्षी रोज दोन तास ग्रंथालयात पुस्तके लावली. त्यातून श्रीमंती येत नाही, पण खानावळीचे निम्मे बिल सुटत होते आणि बाबांना दर महिन्याला फोन करण्याची लाज वाचली. पहिल्या सत्रात मात्र भाचीला हे काम घेऊ देऊ नका. गणित आणि अभियांत्रिकी आलेखन यांतच दिवस संपतो.

लॅपटॉप पहिल्या वर्षी लागतोच असे नाही. प्रयोगशाळेत संगणक असतात. दुसऱ्या वर्षी, शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या ताईंकडून वापरलेला चांगला लॅपटॉप निम्म्या किमतीत मिळतो.

दोन मुलांचा बाप

मामांच्या भाच्याविषयी दोन ओळी. दहावीनंतर तो पदविकेला गेला किंवा बारावीनंतर अभियांत्रिकीला, तरी विकल्प अर्ज भरताना टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, जागा विसरू नये. मंजूर जागांखेरीज पाच टक्क्यांपर्यंत जागा या योजनेत असतात, उत्पन्नमर्यादा ८ लाखच आहे आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ होते. त्या जागांसाठी विकल्प स्वतंत्र निवडावा लागतो. माझ्या थोरल्याने तो निवडला नाही आणि निम्मे शुल्क आम्ही चार वर्षे भरले. धाकट्याच्या वेळी शहाणपण आले. या जागेवर प्रवेश घेतल्यास पुढे महाविद्यालय किंवा शाखा बदलता येत नाही, तेव्हा विचार करूनच वरचा क्रमांक द्यावा.

निवृत्त शाखा व्यवस्थापिका

मी राष्ट्रीयीकृत बँकेत होते, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नापुरतेच लिहिते.

पतसंस्थेचे चौदा टक्क्यांचे कर्ज आणि आक्कांचे दागिने, दोन्ही बेत रद्द करा. त्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, म्हणजे मुलगी पहिल्या वर्षात असताना परतफेड दाजींनी ज्वारीतून करायची. शैक्षणिक कर्जाची रचना याच्या नेमकी उलट आहे. अभ्यासक्रम पूर्ण होऊन आणखी एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत फेडता येते आणि फेडते ती मुलगी, स्वतःच्या पगारातून. दाजी सहकर्जदार राहतील.

या कर्जात केवळ शुल्कच बसते, असा समज आहे. प्रत्यक्षात वसतिगृह, खानावळ, पुस्तके, परीक्षा शुल्क आणि संगणक हेही त्यात धरता येतात. तुमचा खरा खर्च तोच असल्यामुळे अर्जासोबत महाविद्यालयाचे खर्चाचे पत्रक जोडताना शिक्षण शुल्कासमोर ‘शासनाकडून प्रतिपूर्ती’ आणि वसतिगृह व भोजनासमोर पूर्ण आकडा, असे लिहून आणा. माझ्या शाखेत असे पत्रक घेऊन येणारा पालक क्वचित यायचा. बहुतेकांच्या हातात फक्त शुल्काची पावती असायची आणि मंजुरीही मग तेवढीच व्हायची.

किती काढावे? विकास शुल्क, ‘इतर’, वसतिगृह आणि खानावळ मिळून तुमचा वर्षाचा खर्च १,२२,००० होतो. अनामतीचे ५,००० पहिल्या वर्षापुरते. तुमचे महिना तीन हजार म्हणजे वर्षाचे ३६,००० त्यातून वजा केले आणि निर्वाह भत्ता उशिरा का होईना येणार हे धरले, तर चार वर्षांसाठी ४ लाखांची मंजुरी पुष्कळ झाली. मी ४ लाख हा आकडा मुद्दाम सांगते. ४ लाखांपर्यंत बँका स्वतःचा हिस्सा भरायला सांगत नाहीत, त्यावर देशांतर्गत शिक्षणासाठी पाच टक्के हिस्सा मागतात. तारण तर साडेसात लाखांपर्यंत मागूच नये, कारण तेवढ्या कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचे संरक्षण आहे. शाखेत कोणी सातबाऱ्यावर बोजा चढवायची भाषा केली तर नम्रपणे पण स्पष्टपणे नकार द्या आणि नकाराचे कारण लेखी मागा.

मंजुरी एकदम होते, उचल दर वर्षी होते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. शिक्षणाच्या काळात ते सरळव्याज असते. दर ९ टक्के धरून पाहू. दर वर्षी एक लाख उचलले तर अभ्यासक्रमाची चार वर्षे व त्यापुढचे एक वर्ष संपेपर्यंत पहिल्या लाखावर ४५,०००, दुसऱ्यावर ३६,०००, तिसऱ्यावर २७,००० आणि चौथ्यावर १८,००० असे एकूण १,२६,००० रुपये व्याज साचते. भत्ता आला की त्यातून साचलेले व्याज भरत गेलात तर हा बोजा उरत नाही, शिवाय शिक्षणाच्या काळात व्याज भरणाऱ्यांना काही बँका एक टक्क्यापर्यंत सूट देतात. मुलींना अर्ध्या टक्क्याची सवलत अनेक सरकारी बँकांत आहे, ती मागून घ्या.

आता व्याज अनुदान. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि महाविद्यालयाला नॅकचे किंवा त्या शाखेला एनबीएचे (दोन्ही शिक्षणाची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था) मूल्यांकन असेल तर या काळातील व्याज केंद्र शासन भरते, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला कर्ज मंजूर होतानाच शाखेत जमा करायला हवा. मागाहून आठवण झाली तर प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळते. ६ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेचा बोलबाला आहे, मात्र ती गुणवत्तेनुसार निवडलेल्या संस्थांपुरती आहे, सुरुवातीची यादी ८६० संस्थांची होती. शिवाय तिच्यातली तीन टक्के व्याजसवलत दुसरी शासकीय शिष्यवृत्ती घेणाऱ्याला लागू होत नाही. तुमचे महाविद्यालय यादीत आहे का ते पाहा, नसले तर हळहळू नका.

अर्ज विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवरून करा. शाखेत तोंडी विचारले की ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात. पोर्टलवरच्या अर्जाला क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावेच लागते. चार दिवसांत मात्र कोणतीही बँक कर्ज देणार नाही. आत्ताचे २१,००० आणि पहिल्या दोन महिन्यांची खानावळ एवढे हातउसने किंवा तुमच्या कारखान्याच्या पतपेढीतून उचला. चौदा टक्क्यांनी का होईना, पण वीस-तीस हजार तीन महिन्यांसाठी आणि दोन लाख चार वर्षांसाठी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जतकर मामा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा तक्ता छापून नेला. शिक्षण शुल्क व विकास शुल्क चिठ्ठीप्रमाणेच निघाले, परंतु ‘इतर’ काय ते विचारल्यावर खिडकीवरचा माणूस आत जाऊन आला आणि ३,००० चे ९०० झाले: विमा आणि ओळखपत्र. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला. हमीपत्रावर दाजींनी सही केली आणि १८,९०० रुपयांच्या डिमांड ड्राफ्टवर प्रवेश निश्चित झाला. पैसे माझ्या कारखान्याच्या पतपेढीतून घेतले. आक्काचे दागिने घरीच आहेत.

भाचीच्या आधारची जोडणी तपासली तेव्हा तिचेही खाते भलतेच निघाले. सातवीत असताना शाळेने शिष्यवृत्तीसाठी काढून दिलेले आणि आता बंद पडलेले. आज ते बदलायला दिले आहे. ताईंना त्याबद्दल विशेष धन्यवाद.

एक प्रश्न राहिला. समितीच्या वसतिगृहाचा अर्ज भरला आहे, पण मुलाखतीचा निकाल लागेपर्यंत भाची गावातल्याच एका मुलीसोबत महाविद्यालयाजवळ खोली घेऊन राहील. ती मुलगी आधीपासून तेथे राहते आणि खोली तिच्या वडिलांच्या नावावर आहे. निर्वाह भत्त्यासाठी हे चालेल का?

खिडकी क्रमांक चार

भाड्याच्या खोलीत राहूनही भत्ता मिळतो, पण राहण्याचा पुरावा तिच्या स्वतःच्या नावाने लागेल. घरमालकाला विनंती करून करारात भाचीचे नाव घालून घ्या किंवा तिच्या वाट्याचा स्वतंत्र भाडेकरार करा आणि त्यावरची तारीख महाविद्यालयात रुजू झाल्याच्या दिवसाशी जुळती ठेवा. मैत्रिणीच्या वडिलांच्या नावाचा करार जोडून आलेले अर्ज मी स्वतः परत पाठवलेले आहेत. पुढे वसतिगृहात जागा मिळाली तर तेथील अधीक्षकांचे प्रमाणपत्र घेऊन महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात पत्ता बदलल्याचे लेखी कळवा. आणि ती पेन्सिलीची चिठ्ठी टाकून देऊ नका. अठरा हजार नऊशेच्या पावतीला टाचून ठेवा, कारण पुढच्या वर्षी खिडकीवर माणूस बदललेला असतो.